बेचक्यांचे आकडे: पेन स्पिनिंगच्या अंकनावरील आक्षेपांचा प्रतिवाद

पेन किंवा पेनसारखी तोल साधलेली काडी बोटांभोवती, बोटांमधल्या बेचक्यांतून आणि पंज्याच्या पाठीवरून न पाडता फिरवत राहण्याची कला म्हणजे पेन स्पिनिंग. जपानमध्ये तिला ‘पेन मावाशी’ म्हणतात. शिवाय ‘रोनिन मावाशी’ असेही तिचे एक नाव आहे, आणि ते विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अपयश येऊन पुन्हा अभ्यासाला बसलेल्या ‘रोनिन’ विद्यार्थ्यांवरून पडले असल्याने या कलेचे मूळ भांडवल काय होते ते सहज ओळखता येते: हातात पेन, समोर पुस्तक आणि संपता न संपणारा वेळ. अशा रिकामपणातून निघालेल्या खेळाला लिपी कशाला हवी, असे बाहेरच्या माणसाने विचारले तर त्यात नवल नाही. नवल याचे वाटते की हा प्रश्न आतल्या जाणकारांकडूनही, आणि बऱ्याच तिखटपणे, विचारला जातो. प्रचलित अंकनपद्धती अपुरी आहे, ती विसंगत आहे आणि हातोहाती कॅमेरे आल्यापासून ती निरुपयोगीही झाली आहे, असे तीन आरोप तिच्यावर ठेवले जातात आणि बहुधा एकाच दमात ठेवले जातात. वास्तविक जो अंकनाला अपुरे म्हणतो त्याला अधिक अंकन हवे असते आणि जो निरुपयोगी म्हणतो त्याला ते मुळीच नको असते, तेव्हा या दोघांनी आधी आपसांत निवाडा करून घ्यायला हरकत नव्हती. पण आरोप एकत्र येत असले तरी त्यांची उत्तरे एकत्र देता येत नाहीत, आणि त्याआधी ज्या पद्धतीबद्दल हा वाद आहे ती नेमकी काय सांगते हे पाहणे आवश्यक आहे.

या पद्धतीचा पाया अतिशय साधा आहे. अंगठ्याला ‘टी’ हे अक्षर, तर्जनीला १, मध्यमेला २, अनामिकेला ३ आणि करंगळीला ४ हे आकडे दिलेले असतात, आणि पेन ज्या दोन बोटांमध्ये धरलेले असेल त्या बेचकीचे नाव त्या दोन बोटांची चिन्हे शेजारी लिहून तयार होते. म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांची बेचकी ‘टी१’, त्यापुढच्या अनुक्रमे ‘१२’, ‘२३’ आणि ‘३४’. हे आकडे बारा, तेवीस, चौतीस असे वाचायचे नसून एक-दोन, दोन-तीन, तीन-चार असे वाचायचे असतात. ट्रिकचे, म्हणजे एका सुट्या हालचालीचे, नाव आधी येते; मग ती सरळ की उलट हे सांगणारा ‘नॉर्मल’ किंवा ‘रिव्हर्स’ हा शब्द, मग पेनने किती फेरे घेतले तो आकडा, आणि शेवटी पेन कोणत्या बेचकीतून निघून कोणत्या बेचकीत पोहोचले ती जोडी. ‘सॉनिक नॉर्मल १.० २३-१२’ या ओळीचा अर्थ असा की मध्यमा आणि अनामिका यांच्यामध्ये असलेले पेन बोटाच्या मागच्या बाजूने एक फेरा घेऊन तर्जनी आणि मध्यमा यांच्यामध्ये येऊन थांबते. जिथे दिशा आणि फेरे यांविषयी संशय नसतो तिथे तेवढे गाळून ‘सॉनिक २३-१२’ इतकेच लिहितात. अनेक ट्रिक्स सलग जोडून होणाऱ्या रचनेला कॉम्बो म्हणतात, आणि कॉम्बो लिहिताना एक ट्रिक पूर्ण होऊन दुसरी सुरू झाली तर मध्ये ‘>’ हे चिन्ह येते, तर पहिली अर्धवट असतानाच दुसरीत विरघळली तर ‘~’ हे चिन्ह येते. तळवा वर, खाली की आडवा, हे सांगण्याचीही सोय आहे. एकच ट्रिक अखंड करत राहिल्यास ‘कंटिन्यूअस’ आणि सरळ व उलट आळीपाळीने केल्यास ‘हार्मोनिक’ अशी विशेषणे लागतात. पद्धतीचा सगळा संसार जवळजवळ एवढाच.

कॅमेऱ्याचा मुद्दा आधी निकालात काढलेला बरा, कारण तो ऐकायला सर्वांत बिनतोड आणि तपासायला सर्वांत पोकळ आहे. चित्रण असताना वर्णनाची गरज नाही असे म्हणणाऱ्याने गृहीत धरलेले असते की चित्रणात सगळे दिसते. साध्या कॅमेऱ्यात दर सेकंदाला ३० चित्रे उमटतात. फिरवण्यासाठी तयार केलेली बरीच पेने दोन्ही टोकांना सारख्या वजनाची आणि सारख्या रूपाची असतात, कारण तोल मध्यावर आणण्याचा तोच सोपा मार्ग असतो, आणि अशा पेनला अर्धा फेरा दिला की ते पहिल्यासारखेच दिसते. परिणामी लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये पेन ९० अंशांहून जास्त वळले असेल तर ते सरळ दिशेने जास्त वळले की उलट दिशेने कमी वळले हे त्या दोन चित्रांवरून ठरवता येत नाही, आणि ३० चित्रांच्या हिशेबाने ही मर्यादा सेकंदाला साडेसात फेऱ्यांवर येते. बैलगाडीचे चाक पडद्यावर उलटे फिरताना दिसते त्याचे कारणही हेच. त्यात पेनला ढकलणारे बोट बहुधा पेनच्या किंवा दुसऱ्या बोटाच्या आड गेलेले असते, आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने चित्र आरशासारखे उलटवले असेल तर उजवा हात डावा होऊन बसतो. जास्त वेगाच्या कॅमेऱ्याने यातल्या काही अडचणी दूर होतात हे खरे आहे, पण एक अडचण कोणत्याही कॅमेऱ्याने दूर होत नाही. चित्रण एका वेळी एका हाताने जे केले ते दाखवते. त्यातले काय ट्रिकचे आहे आणि काय त्या हाताच्या लकबीचे आहे, करंगळी वर उचलली गेली ती आवश्यक होती म्हणून की सवयीने, हे चित्रण सांगू शकत नाही, आणि शिकणाऱ्याचा प्रश्न तर नेमका तोच असतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करून घेतलेला आहे. तो असा की या पद्धतीत दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. बेचक्यांचे आकडे तर्काने ठरलेले आहेत, पण ट्रिक्सची नावे मन मानेल तशी पडलेली आहेत: ‘थंबअराउंड’ या नावातून निदान पेन अंगठ्याभोवती जाते एवढे तरी कळते, पण ‘सॉनिक’, ‘चार्ज’, ‘शॅडो’ या नावांतून नवख्याला काहीच कळत नाही. म्हणून ही नावे काढून टाकून हालचालीचे तिच्या घटकांत पृथक्करण करावे आणि फेरा, अक्ष, स्पर्शबिंदू, ढकलणारे बोट अशा राशींच्या आधारे प्रत्येक ट्रिक संपूर्णपणे आकड्यांत लिहावी, असा सुधारकांचा प्रस्ताव असतो.

या प्रस्तावाची परीक्षा ‘१.०’ या एका आकड्यावर करता येते. थंबअराउंडमध्ये मधले बोट पेनला ढकलते आणि पेन साधारण एका प्रतलात राहून अंगठ्याभोवती वळसा घेते, तेव्हा तिथला एक फेरा म्हणजे सपाट पृष्ठभागावर काठी एकदा पूर्ण वळावी तसा फेरा असतो. चार्जमध्ये मात्र पेन दोन बोटांच्या बेचकीतच राहते, तिथून कुठे जात नाही, आणि त्याची दोन टोके हवेत दोन वर्तुळे काढतात, म्हणजे पेन आपल्या धरलेल्या बिंदूपाशी टोके जुळलेल्या दोन शंकूंच्या पृष्ठभागावरून फिरते. इथला एक फेरा हा शंकूचा फेरा आहे आणि त्यात पेन कोणत्याही प्रतलात वळलेले नसते. दोन्ही ठिकाणी ‘१.०’ असेच लिहितात आणि टीकाकार त्याला विसंगती म्हणतात. पण आकडा हा मोजणीचा असतो आणि काय मोजायचे ते नाव सांगते. ‘चार्ज’ हा शब्द आधी वाचल्यावर ‘१.०’ चा अर्थ शंकूचा फेरा हाच होतो, दुसरा होऊच शकत नाही. नाव काढून टाकल्यास ती माहिती नाहीशी होत नाही, ती कुठेतरी लिहावीच लागते, आणि अक्षाचा कल, शंकूचा कोन, बोटांचा दाब अशा तपशिलांत ती लिहिली की एका शब्दाच्या जागी एक ओळ येते व दहा ट्रिक्सच्या कॉम्बोच्या जागी एक पान येते. मोकळ्या अवकाशात एखाद्या घन वस्तूची स्थिती सांगायलाच सहा राशी लागतात: तीन जागेच्या आणि तीन वळणाच्या. त्यात वीसहून अधिक स्वतंत्र हालचाली करू शकणारा पंजा मिळवला, आणि हे सगळे क्षणाक्षणाला बदलते हे लक्षात घेतले, तर ‘संपूर्ण’ वर्णन म्हणजे वाचण्याजोगी लिपी न राहता यंत्राने साठवलेली आकड्यांची रास होईल. तशी रास उपयोगी असू शकते, परंतु ती पाहून कोणी पेन उचलणार नाही.

नृत्याच्या क्षेत्रात हा प्रयोग गंभीरपणे झालेला आहे. रुडॉल्फ लाबान याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंकनपद्धतीत शरीराचा भाग, दिशा, पातळी आणि काल या सर्वांची नोंद उभ्या पट्ट्यांवर चिन्हांनी होते, आणि तिच्या आधारे अनेक नृत्यरचना जतन झाल्या आहेत, हे तिचे मोठे यश आहे. पण ती लिहायला आणि वाचायला स्वतंत्र प्रशिक्षण लागते, त्यासाठी वेगळे व्यावसायिक अंकनकार तयार करावे लागतात, आणि ज्यांचे नृत्य लिहिले जाते त्या बहुसंख्य नर्तकांना ती वाचता येत नाही. ज्या कलेत अंकन लिहिणारा आणि पेन फिरवणारा एकच असतो, आणि त्याच्याजवळ ना संस्था असते ना पगारी अंकनकार, तिथे असे ओझे आणून ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्याने निदान ते कोण उचलणार हे सांगितले पाहिजे.

‘नॉर्मल’ आणि ‘रिव्हर्स’ या शब्दांवरचा आक्षेपही याच कुळातला आहे, परंतु त्यात थोडे तथ्य असल्याने त्याचा वेगळा विचार करायला हवा. अंगठ्याभोवतीच्या फेऱ्याला पूर्वी ‘फॉरवर्ड’ आणि त्याच्या उलट फेऱ्याला ‘बॅकवर्ड’ म्हणत. पुढे एकच नाव ठेवून त्याला सरळ-उलट अशी विशेषणे लावण्याची रीत रूढ झाली. टीकाकारांचे म्हणणे असे की ‘सरळ’ म्हणजे काय हे प्रत्येक ट्रिकसाठी वेगळे ठरवलेले आहे, तर त्यापेक्षा घड्याळाच्या काट्यांची दिशा सांगणे अधिक शास्त्रीय नाही का? नाही, कारण घड्याळाची दिशा पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. उजव्या हाताचा मालक स्वतःच्या पेनकडे पाहतो तेव्हा जी दिशा घड्याळाची असते ती समोर बसलेल्याला उलटी दिसते, आणि तीच ट्रिक डाव्या हाताने केली की मालकालाही उलटी दिसते, म्हणजे एकाच ट्रिकला हातागणिक आणि प्रेक्षकागणिक वेगळे नाव द्यावे लागेल. प्रचलित पद्धत सगळे काही हाताच्याच संदर्भाने सांगते, बेचक्या बोटांवरून मोजते आणि दिशा ट्रिकच्या मूळ रूपावरून ठरवते, म्हणून तिने लिहिलेला कॉम्बो डाव्या-उजव्या दोन्ही हातांना एका अक्षराचाही बदल न करता चालतो. गिटार वाजवणारा तारा दाबणाऱ्या हाताची बोटे तर्जनीपासून करंगळीपर्यंत १ ते ४ अशीच मोजतो आणि अंगठ्याला ‘टी’ म्हणतो, आणि पियानोच्या जुन्या इंग्रजी बोटलेखनातही अंगठ्याला वेगळे चिन्ह देऊन उरलेल्या चार बोटांना १ ते ४ हेच आकडे देत असत. हातानेच हाताची मोजणी केली की ती बहुधा इथेच येऊन पोहोचते, मग कोणी कोणाचे पाहून केले असो वा नसो.

गिटारचा उल्लेख आलाच आहे तर तंतुवाद्यांच्या टॅब्लेचरकडेही पाहणे उपयोगी आहे. टॅब्लेचर म्हणजे कोणता स्वर निघाला हे न लिहिता कोणत्या तारेवर कोणत्या पडद्यापाशी बोट ठेवायचे ते लिहिण्याची पद्धत. व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने फ्रान्चेस्को स्पिनाचिनो याच्या ल्यूटवादनाच्या रचना १५०७ मध्ये अशाच पद्धतीने छापल्या, आणि वेगवेगळ्या स्वरावलींतला प्रत्येक स्वर किती काळ घुमावा हे त्यात स्पष्ट होत नसतानाही पुढची कित्येक दशके ल्यूटवादकांनी तीच वापरली, कारण हात कुठे न्यायचा ते तिच्यातून थेट कळत होते. पेनची अंकनपद्धती जातीने टॅब्लेचरच आहे. तिच्याकडून हालचालीचे चित्र मागणे म्हणजे तिने कधी न दिलेल्या वचनासाठी तिला दोष देणे होय.

यानंतर जगलर्सच्या साइटस्वॅप पद्धतीचा दाखला येतो, आणि टीकाकारांचा खरा मत्सर इथेच आहे. चेंडू उडवून झेलण्याच्या कलेतली ही अंकनपद्धती १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तीन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडली: कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ येथे पॉल क्लिमेक याला, कॅलटेकमध्ये ब्रूस टिमन आणि बेंग्ट मॅग्नुसन यांना, आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये माइक डे, कॉलिन राइट आणि ॲडम चाल्क्राफ्ट यांना. दर ठोक्याला एक चेंडू फेकला जातो असे धरून, तो चेंडू किती ठोक्यांनंतर पुन्हा फेकला जाईल तो आकडा लिहायचा, इतकीच तिची कल्पना आहे. तीन चेंडूंच्या नेहमीच्या फेकीत प्रत्येक चेंडू तिसऱ्या ठोक्याला परत येतो म्हणून ती नुसती ‘३’. ‘५३१’ या रचनेत पहिला चेंडू पाच ठोक्यांनी, दुसरा तिनाने आणि तिसरा एकाने परत येतो, आणि आकड्यांची सरासरी ३ असल्याने तीन चेंडू लागतात. ‘४३२’ ची सरासरीही ३ आहे, पण ही रचना अशक्य आहे, कारण पहिल्या ठोक्याला चार ठोक्यांसाठी आणि दुसऱ्या ठोक्याला तीन ठोक्यांसाठी फेकलेले चेंडू एकाच क्षणी हातात येऊन आदळतात. म्हणजे कागदावरच, चेंडूला हात न लावता, कोणती रचना जमेल आणि कोणती जमणार नाही हे ठरते. बुहलर, आयझनबड, ग्रॅहम आणि राइट यांनी १९९४ च्या निबंधात तर ‘न’ ठोक्यांच्या आवर्तनात नेमके ‘ब’ चेंडू वापरणाऱ्या रचना किती, याचे सूत्रही दिले: ‘ब’ मध्ये एक मिळवून त्याचा ‘न’ वा घात, वजा ‘ब’ चा ‘न’ वा घात. तीन चेंडू आणि तीन ठोके यांसाठी ते उत्तर ६४ वजा २७, म्हणजे ३७ येते.

एवढे वैभव पाहून पेन फिरवणाऱ्यांना आपली पद्धत दरिद्री वाटावी हे समजण्यासारखे आहे. पण हे वैभव कशाच्या जोरावर उभे आहे ते पाहिले पाहिजे. फेकलेला चेंडू हातातून सुटला की त्याचे भवितव्य गुरुत्वाकर्षण ठरवते; तो किती उंच गेला यावरून तो कधी परतणार हे निश्चित होते, आणि परतीचा ठोका सोडून बाकी सगळे साइटस्वॅप निर्धास्तपणे विसरते. हात एकमेकांवरून ओलांडले, चेंडू आतून फेकला की बाहेरून, पायाखालून की पाठीमागून, यातले काहीही तिच्या लिखाणात येत नाही. परिणामी साधी तीन चेंडूंची फेक आणि ‘मिल्स मेस’ या नावाने ओळखली जाणारी हात सतत एकमेकांवर गुंडाळणारी अवघड रचना, या दोन्हींचे साइटस्वॅप एकच येते: ‘३’. साध्या प्रेक्षकालाही ज्या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या दिसतात त्या या आदर्श पद्धतीला वेगळ्या करता येत नाहीत, आणि त्यासाठी शेवटी ‘मिल्स मेस’ असे नावच वापरावे लागते. पेनच्या अंकनात अपुरेपण हा अपराध असेल तर साइटस्वॅप त्याहून मोठी अपराधी आहे, आणि तिच्यावर कोणी खटला भरलेला ऐकिवात नाही.

पेन मात्र बहुतेक वेळ हातातून सुटतच नाही. ते सतत कोणत्या तरी बोटाला चिकटून, घसरून, ढकलले जाऊन फिरत असते, आणि हा स्पर्शच त्याचा धर्म आहे. म्हणून त्याच्या अंकनाला ठोके मोजून भागत नाही, त्याला स्पर्शाची जागा मोजावी लागते, आणि बेचक्यांचे आकडे नेमके तेच करतात. एकदा हे मान्य केले की या पद्धतीलाही स्वतःचे व्याकरण असल्याचे दिसते. गाण्याच्या भेंड्यांमध्ये मागच्या गाण्याच्या शेवटच्या अक्षरानेच पुढचे गाणे सुरू करावे लागते, तसे इथे मागची ट्रिक ज्या बेचकीत संपते त्याच बेचकीतून पुढची ट्रिक निघाली पाहिजे. ‘सॉनिक २३-१२ > सॉनिक २३-१२’ ही ओळ त्यामुळे अशुद्ध आहे, कारण पहिल्या सॉनिकनंतर पेन १२ मध्ये आहे आणि दुसरे सॉनिक २३ मधून सुरू व्हायला हवे; मध्ये ‘पास १२-२३’, म्हणजे पेन तर्जनी-मध्यमेच्या बेचकीतून शेजारच्या बेचकीत सरकवणारी हालचाल, घातली की जागांच्या दृष्टीने ती शुद्ध होते. हा नियम साइटस्वॅपच्या प्रमेयांइतका खोल नाही, पण लिहिताना झालेली चूक, राहून गेलेली ट्रिक किंवा चित्रणावरून उतरवताना झालेला गोंधळ तो हात न हलवता पकडून देतो.

आणि व्याकरणाबरोबर उत्पादनशक्तीही येते. चार बेचक्यांपैकी कोणत्याही एकीतून कोणत्याही दुसरीत जाण्याच्या जोड्या १२ होतात, त्याच बेचकीत परत येण्याच्या ४ मिळवल्या की १६, आणि सरळ-उलट धरून ३२. प्रत्येक ट्रिकच्या नावाखाली अशा ३२ चौकटींचा तक्ता मांडता येतो. त्यातल्या काही चौकटी भरलेल्या असतात, काही शरीररचनेमुळे कधीच भरणार नाहीत, आणि काही नुसत्या रिकाम्या असतात. ‘सॉनिक २३-१२’ ज्याने लिहिले त्याला ‘सॉनिक ३४-१२’ आणि ‘सॉनिक ३४-२३’ सुचणे अटळ आहे, कारण कागदावर ते एका आकड्याच्या अंतरावर आहेत, मग हाताला ते कितीही लांबचे असोत. जगलर्सनी ‘४४१’ सारख्या रचना आकड्यांतून हातांत आणल्या असे कौतुकाने सांगितले जाते. पेन फिरवणाऱ्यांच्या तक्त्यांतही तेच घडते, फक्त त्याला कोणी प्रमेय म्हणत नाही. नावे टाकून सगळे घटकांत फोडण्याच्या प्रस्तावात हा तक्ताच नाहीसा होतो, कारण तक्त्याच्या डोक्यावर लिहायला नाव उरत नाही आणि सगळ्या शक्यता एका अफाट यादीत सपाट होतात.

मराठी वाचकाला हा सगळा वाद एका वेगळ्या मैफिलीतून परिचित आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या कंठातल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांच्या रूपाने छापल्या, आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली वेगळी लिपी घडवून १९०१ मध्ये लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या शिक्षणक्रमात ती रुजवली. त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप हाच होता की मींड, श्रुतींचे सूक्ष्म भेद आणि स्वराचा लगाव लिपीत मावत नाही. तो आक्षेप खरा होता आणि आजही खरा आहे. परंतु बंदिशीची दोन पाठांतरे शेजारी ठेवून कुठे फरक पडतो हे दाखवणे त्या लिपीमुळे शक्य झाले, आणि लिपीत न मावणारी मींड तिच्यामुळे नष्टही झाली नाही. ती गळ्यातून गळ्यात जात राहिली. पेनची कला आणि ख्यालगायन यांची तुलना करण्याचा इथे हेतू नाही, तसे करणे दोन्हींना लाजवणारे होईल. आक्षेपाचा साचा मात्र तोच आहे, आणि तो वापरणाऱ्यांनी निदान एकदा हे पाहायला हवे की त्या साच्यातून याआधी काय बाहेर पडले.

नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या १९६८ च्या ग्रंथात संगीताच्या लिखित संहितेचे मुख्य काम वेगवेगळ्या प्रयोगांतून एकच रचना ओळखू येणे हे आहे, असा सिद्धान्त मांडला. त्या कसोटीवर पेनचे अंकन काय गाळते हे पाहण्यासारखे आहे. पेनची लांबी आणि वजन, फेऱ्याचा वेग, मनगटाचा कोन, मोकळ्या बोटांची ठेवण, यांपैकी काहीच ते लिहीत नाही, आणि त्यामागे न बोललेला एक निर्णय आहे: या गोष्टी बदलल्या तरी ट्रिक तीच राहते. सुटण्याची बेचकी, पोहोचण्याची बेचकी, फेऱ्यांची संख्या आणि जात मात्र ते लिहिते, कारण त्यातले काहीही बदलले की ट्रिक वेगळी होते. गाळलेल्या गोष्टींना कुणी महत्त्वाच्या मानत असेल तर वाद ट्रिकच्या ओळखीविषयी आहे, लिपीच्या कमतरतेविषयी नाही. आणि ओळखीविषयीचा वाद घालण्यासाठीसुद्धा, काय गाळले आहे हे दाखवणारी लिपी समोर असावी लागते.

एवढे बोलून झाल्यावर एक दोष मान्य करायला हवा, आणि टीकाकार तो क्वचितच दाखवतात हे विशेष. ‘सरळ’ आणि ‘उलट’ प्रत्येक ट्रिकच्या संदर्भाने ठरत असल्यामुळे लागोपाठच्या दोन ट्रिक्समध्ये पेनचा वळण्याचा जोर त्याच दिशेने पुढे चालतो की मध्ये थांबून उलटावा लागतो, हे लिखित ओळीवरून दिसत नाही. भेंड्यांचा नियम बेचक्या तपासतो, जोर तपासत नाही. परिणामी कागदावर निर्दोष असलेला कॉम्बो हातात घेतल्यावर मधेच अडतो, आणि ज्याला सगळ्या ट्रिक्सच्या दिशा पाठ आहेत त्यालाच तो का अडला हे कळते. हातातल्या हातात पेन फिरत असताना पंजाच उताणा वा पालथा झाला तर फेरे पंज्याच्या संदर्भाने मोजायचे की खोलीच्या, हा प्रश्नही तळव्याची स्थिती लिहिल्यावर अर्धाच सुटतो. मोजणी पंज्याच्या संदर्भाने करणे हेच बाकीच्या पद्धतीशी सुसंगत आहे, कारण तिच्यात खोलीला कुठेही स्थान नाही.

जोराच्या दिशेसाठी घड्याळाचा आसरा घेण्याची गरज नाही. प्रत्येक ट्रिकच्या सुरुवातीला आणि शेवटी पंज्याच्या पाठीच्या बाजूचे पेनचे टोक अंगठ्याकडे चालले आहे की करंगळीकडे, एवढे एका चिन्हाने नोंदवले तरी पुरेल, कारण अंगठा आणि करंगळी दोन्ही हातांना असतात आणि आरशातही त्यांची अदलाबदल होत नाही. असे चिन्ह प्रत्येक ओळीत लिहायचीही आवश्यकता नाही. ट्रिक्सच्या तक्त्यात ते एकदा नोंदवून ठेवले की लागोपाठच्या दोन ट्रिक्सची चिन्हे जुळतात का हे बेचक्यांसारखेच नजरेने तपासता येईल, आणि जुळत नसतील तिथे लिहिणाऱ्याने ‘>’ च्या जागी ‘~’ घालायला हवे होते का, हे पुन्हा पाहता येईल. कित्येकदा तसेच घालायला हवे असते, कारण अडलेल्या जागी अनुभवी हात पहिली ट्रिक पुरी न करताच दुसरीत शिरलेला असतो आणि लिहिताना मात्र ती पुरी झाल्याचे लिहितो.